लेकीचा वूफर

वीज खात्यात असताना मी एक काम फार मन लावून केलं: लोकांना अर्थिंगवरून झापणं. किराणा दुकान असो की पिठाची गिरणी, आधी जमिनीत गेलेली पट्टी पाहायची आणि मग मालकाची अक्कल काढायची. त्यामुळे निवृत्तीनंतर गाडीच्या टेपला वूफर जोडणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, अशी माझी समजूत होती.

वूफर लेकीचा. नागपुरातल्या तिच्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून तिनं आमच्या जुन्या गाडीसाठी आणला होता. लोकांच्या मुली पहिल्या पगारात बापाला शर्ट घेतात. आमच्या मुलीनं डिक्कीत ठेवायचं काळं खोकं घेतलं. घरात पाहुणे चहा पीत बसले होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पोरीच्या जातीले हे काय सुचून राहिलं? गाडीत लग्नाचा बँड बसवते का?" पाहुणे हसले. मीही हसलो. विनोद इतका जमला, की तिनं खोकं पलंगाखाली सरकवलं आणि पुढच्याच महिन्यात हैदराबादची नोकरी धरली.

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो आणि माझ्या वाट्याला तीन वाक्यं येतात. "कसे आहा बाबा? गोळ्या घेता ना? आईले द्या." पूर्वी पोस्टातून येणारी तारसुद्धा याहून लांब असायची. मग मायलेकींचं तासभर चालतं आणि मी पेपर उघडून, एकही ओळ न वाचता, कान तिकडे लावून बसतो. मला वाईट वाटायचं. फार वाटायचं. माफी मागावी हे सुचलं नव्हतं असं नाही, पण आमच्या घराण्यात बाप माफी मागत नाहीत, घरातलं काहीतरी दुरुस्त करतात.

म्हणून दोन वर्षांनी ते खोकं मी पलंगाखालून ओढून काढलं. वायरी आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "काका, गाडी घेऊन या, दोन तासांत बसवून देतो." दोन तास! मी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बिचारा गप वायरी मोजायला लागला.

मला अडीच दिवस लागले. बॅटरीजवळ फ्यूज टाकून लाल वायर पायपुसण्यांखालून मागे नेली. टेपमागून सिग्नलची वायर आणली. काळी वायर डिक्कीतल्या एका बोल्टला आवळली. झालं अर्थिंग. बटण दाबलं, गाडी सुरू केली आणि मागून सूंऽऽ असा आवाज आला. एक्सलरेटर दाबला की सूं चढायचा, सोडला की उतरायचा. शेजारचे भाऊ फाटकातून म्हणाले, "काहून भाऊ, गाडीत मिक्सर लावला का?"

मी टेपवर संशय घेतला. मग सिग्नलच्या वायरीवर, मग ती विकणाऱ्या दुकानदाराच्या खानदानावर. अर्थिंगवर घ्यायचा प्रश्नच नव्हता, ते मी स्वतः केलं होतं.

त्याच आठवड्यात वर्षाच्या मिरच्या आणायला आम्ही भिवापूरला गेलो. जाताना सूं. येताना सूं, शिवाय शिंका, कारण डिक्कीत खोकं असल्यामुळे मिरच्यांचं पोतं मागच्या सीटवर बसलं होतं. बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "मिरच्या आहेत, मिक्सरही चालूच आहे. घरी जाईपर्यंत तिखट करूनच टाका." चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्यावर कधी ओरडली नाही. तिला तशी गरजच पडली नाही.

रविवारी फोन आला. "कसे आहा बाबा? गोळ्या घेता ना?" तिसरं वाक्य यायच्या आत मी घाईघाईनं बोलून टाकलं, "तुझा वूफर लावला गाडीत."

"कोणता? तो?"

"तोच. पण सूं करून राहिला."

"गाडी पळवली की वाढते का?"

"वाढते."

"अर्थिंग कुठं दिलं?"

"डिक्कीतल्या बोल्टले."

"बोल्टखालचा रंग खरवडला का, बाबा?"

खरवडला नव्हता, आणि रंगातून वीज पत्र्यात उतरत नाही. रंगाच्या थरावर अर्थिंग! एवढ्यासाठी मी गिरणीवाल्यांना त्यांच्या पोरांसमोर गाढव म्हटलं होतं.

"तू मले अर्थिंग शिकवून राहिली का?" मी आवाज चढवला.

"हो," ती म्हणाली, आणि हसली. माझ्याशी बोलताना ती याआधी हसली होती, त्याला दोन वर्षं झाली होती. "खरवडा. दहा मिनिटांनी फोन करते."

मी पॉलिश पेपर घेऊन डिक्कीत शिरलो. बोल्ट काढला, खालचा पत्रा चांदीसारखा लख्ख होईपर्यंत घासला, वायर पुन्हा आवळली. गाडी सुरू केली, एक्सलरेटर दाबून पाहिला. सूं नाही. टेपवर गाणं लावलं, तर तबल्याची थाप अशी स्वच्छ आली, की छातीत जाणवली. एवढं चांगलं खोकं तिनं घरच्या गाडीसाठी आणलं होतं आणि मी त्याला बँड म्हणालो होतो.

फोन वाजला. मी टेप बंद केला.

"गेला का आवाज?"

गेला म्हटलं असतं, तर पुढचं वाक्य मला पाठ होतं.

"नाही वं, बाई," मी म्हणालो. "आहे अजून थोडा."

"असं कसं? बरं, पहिल्यापासून सांगा. कोणती वायर कुठून नेली?"

मी डिक्कीच्या काठावर नीट बसलो आणि बॅटरीपासून सुरुवात केली.