पाचपैकी पाच

"अल्झायमर्स आहे," परळच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू पुसत नेणारा मेंदूचा आजार. "निदान वर्षभर तरी जुना असावा."

वर्षापूर्वी मी नलिनीला याच डॉक्टरांकडे आणलं होतं. माझी बायको मानसशास्त्राची प्राध्यापक. शाळकरी पोरांपासून लालबागच्या गिरणी कामगारांपर्यंत, माणूस काय लक्षात ठेवतो आणि काय विसरतो, यात तिची तीस वर्षं गेली. आणि जन्म जिथे गेला त्या ठाकूरद्वारला तिला घराची गल्ली सापडेना.

तेव्हा मेमरी टेस्ट झाली. पाच शब्द ऐकायचे, थोड्या वेळाने परत सांगायचे. भोंगा, गोधडी, फणस, जिना, पिवळा. नलिनीने पाचही धडाधड सांगितले. "मॅडम एकदम फर्स्टक्लास," डॉक्टर म्हणाले. मी खुशीत तिला दादरला पियुष पाजलं.

ती यादी नलिनीनेच केलेली होती. इंग्रजीवरून केलेल्या चाचण्यांतले शब्द चाळीतल्या म्हाताऱ्यांना परके वाटायचे, म्हणून त्यांच्याच घरी बसून तिने हे शब्द निवडले होते. आमच्या जेवणाच्या टेबलावर मी ते शेकडो वेळा ऐकलेत. टेस्टच्या वेळी हे माझ्या लक्षातच आलं नाही, असं मी पुढे आमच्या मुलीला सांगितलं. साफ खोटं. आलं होतं. मला पाचपैकी पाच हवे होते.

यंदा एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचे आतले फोटो. नव्या आठवणी साठवणारा भाग आक्रसला होता. बाहेर बाकावर बसल्या बसल्या तिने मला सात वेळा विचारलं, "अहो, बरं कुणाला नाहीये?" सातव्यांदा मी खेकसलो. त्याची लाज अजून वाटते.

मग पुन्हा तेच शब्द. "गोधडी," ती म्हणाली आणि थांबली. पुढचे चार आलेच नाहीत. मग वर्गातल्या आवाजात तिने विचारलं, "यादी छान आहे हो, डॉक्टर. कुणी केली?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. "तूच केलीस, नलू," मी म्हटलं.

"मी?" ती केवढी खूश झाली! आणि लगेच डॉक्टरांना म्हणाली, "मग माझी टेस्ट हिच्यावर घेऊ नका. मला पाठ असणार ना!"

वर्षापूर्वी कळलं असतं तर आजार थांबला नसता, कदाचित थोडा सावकाश वाढला असता, असं डॉक्टर म्हणाले. घरातल्या माणसाला घेऊन तुम्ही कधी त्या खुर्चीत बसलात, तर माहीत असेल ते सगळं सांगून टाका. नलिनीने ते एका वाक्यात सांगितलं. मला वर्षभर जमलं नव्हतं.