आबांसाठी निवडलेली नायिका

मला कुणी वाचायला गोष्ट सुचवायला सांगितली, की मी आधी एकच चौकशी करते: त्या गोष्टीत बाई काय करते? नुसती वाट पाहत बसली असेल, तर ती गोष्ट मी बाजूला ठेवते. वाट पाहणाऱ्या बायका मी घरीदारी भरपूर पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी पुस्तक कशाला उघडायचं? बाई धावत असेल, चढत असेल, कुणाला तरी खडसावत असेल आणि पान उलटताना माझा जीव टांगणीला लागत असेल, तर ते पुस्तक मी शेजारणीच्या हातात कोंबते आणि दुसऱ्याच दिवशी 'कुठवर आलीस?' म्हणून तिच्या दारात उभी राहते.

हा उद्योग मी नवव्या वर्षी सुरू केला. माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माझे आजोबा, आमचे आबा. आणि त्या खेपेला गोष्ट चुकीची निवडली असती, तर माझ्या काकीचं सगळं मुसळ केरात जाणार होतं.

आमचं गाव तापीकाठी, शहाद्याच्या अलीकडे. पन्नासचं दशक सरत आलं होतं. आम्ही गुजर, कापूसवाले आणि केळीवाले. त्या हिवाळ्यात आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर म्हणाला होता, पिकल्याशिवाय काढता येत नाही. त्यामुळे घडाची वाट पाहावी तसं अख्खं घर आबांचे डोळे पिकायची वाट पाहत होतं. आबा पुढच्या पडवीत खाटेवर बसून असत आणि दिसत नसल्याचा राग जे जे ऐकू येईल त्याच्यावर काढत: कुत्रा, रहाट, माझे काका.

काकी ही घरातली धाकटी सून. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती आणि या पाच वर्षांत आबांनी तिचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. आमच्याकडची रीतच तशी. सासऱ्यासमोर सुनेने पदर नाकाखाली ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. जेवण वाढून झालं की काकी दारामागून बांगड्या वाजवायची, आबा उठायचे. त्याहून मोठा निरोप असला, तर मध्ये एक पोर लागायचं. ते पोर मी. आबा पाच हातांवर बसलेले असताना काकी मला सांगायची, "आबांना विचार, ताक घेतीन का?" मी विचारायची. आबा मला म्हणायचे, "तिले सांग, नको." मी सांगायची. दोघांनाही सगळं ऐकू येत असायचं. तरी मी नसले तर ताक तसंच राहायचं.

त्या वर्षी गावात मुलींची शाळा निघणार अशी बातमी आली. हेडमास्तर काकांना म्हणाले, सातवीची फायनल झालेली बाई मिळाली तर शाळा उन्हाळ्यानंतर सुरू होईल, नाहीतर गेली दुसऱ्या गावाला. काकी लग्नाआधी म्हसावदला सहावीपर्यंत शिकलेली. बाहेरून परीक्षेला बसता येत होतं. काकांची ना नव्हती, पण आबांसमोर तोंड उघडायची त्यांचीही छाती नव्हती. मग निरोप घेऊन मला पाठवलं.

"आबा, काकी विचारते, फायनलला बसू का?"

आबांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "मन्हा डोया येऊ दे. मंग पाहू."

डोळ्यांचं ऑपरेशन चैत्रात व्हायचं होतं. फॉर्म मात्र माघ संपायच्या आत शहाद्याला पोचायला हवा होता. दारामागे काकीच्या बांगड्या एकदाच किणकिणल्या.

आता माझ्या डोक्यात कट शिजला. आबांचा वेळ जात नव्हता. चौकातल्या मारवाड्याच्या दुकानात पुड्या बांधायला जुन्या मासिकांची रद्दी यायची, आणि शेठाणी मला ती चाळू द्यायची, एका अटीवर, की गोष्ट चांगली असेल तर तिलाही सांगायची. काही मासिकांत चित्रमालिका असत: पानावर सहा चौकटी, प्रत्येक चौकटीत चित्र, खाली बारीक मजकूर. दर महिन्याला दोन पानं, आणि शेवटच्या चौकटीत कुणीतरी मरायच्या बेतात.

मी जातीने निवड केली. पहिली मालिका एका राजकन्येची होती. ती चार महिने सज्जात उभी राहून रडत होती. रद्द. दुसरीत दोन बहिणी नाव चालवत होत्या, ते ठीक होतं, पण तिसऱ्या अंकात त्यांचा भाऊ परत आला आणि वल्ही त्याच्याकडे गेली. तीही रद्द. तिसरी मला पसंत पडली. मिठाचा तांडा डोंगरातून नेणारी एक वाटाडी. बाप घाटात मेलेला, वाट फक्त तिला ठाऊक, मागे दरोडेखोर. बारा अंक. अकरा गठ्ठ्यात सापडले. बारावा शेठाणीच्या फळीवर जिऱ्याभोवती गुंडाळलेला होता. मी जिरं ओंजळीत ओतून घेतलं आणि तो सोडवला.

"आबा, गोष्ट वाचू?"

"रडन्या बाया नको."

"ही रडत नाही. लोकांना रडवते."

"मंग वाच."

अडचण एवढीच, की मला धड वाचता येत नव्हतं. जोडाक्षर आलं की माझी गाडी चिखलात रुतायची. म्हणून आम्ही कामाची वाटणी केली. मी उंबरठ्यावर बसायची, अंक मांडीवर. काकी दाराच्या फळीआड, फटीतून अंक दिसेल अशी. ती कानात कुजबुजायची, मी मोठ्याने म्हणायची. मजकूर तिचा, आवाज माझा. चित्रं मात्र पूर्णपणे माझ्या ताब्यात होती, कारण ती आबांना दिसत नव्हती आणि त्यांचं वर्णन करायला दुसरं कुणी नव्हतं.

माझ्या हाती एवढी सत्ता त्यानंतर कधीच आली नाही.

वाटाडी चित्रात पायी चालत होती. मला ते दरिद्री वाटलं. आबा सारंगखेड्याच्या बाजारातले जुने घोड्यांचे पारखी, म्हणून मी तिला घोडी दिली.

"कशी घोडी?" आबा लगेच सरसावून बसले.

"पंचकल्याणी. चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा."

"वा! मंग ती मरत नही."

दारामागून माझ्या दंडाला चिमटा बसला. "चित्रमा जे नही ते सांगू नको!" काकी कुजबुजली. पण घोडी आली ती आली. पाचव्या अंकात मजकूर आला, 'ती अनवाणी पायांनी कातळ चढू लागली.' आबांच्या भुवया वर गेल्या. "घोडी कोठे गयी?"

"खाली चरतेय," मी म्हटलं. काकीचा श्वास माझ्या मानेवर थांबलेला मला कळला. मी एका बाबतीत खोटी पडले, तर आबा ती गोष्ट, तो अंक आणि आम्हा दोघींना एकदमच बाहेर काढतील, हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

"चरू दे," आबा म्हणाले. "चढनवर घोडी न्यानी नसते. शानी शे ती पोरगी."

शानी शे! दारामागे काकीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. त्या दिवसापासून आबा वाटाडीच्या बाजूचे झाले. पहिल्या आठवड्यात ते म्हणत होते, बाईच्या मागे तांडा कसा जाईल? दुसऱ्या आठवड्यात तांड्यातला म्हातारा तिचं ऐकेना, तर आबा त्याच्यावरच ओरडले. "आरे, वाट तिले ठाऊक शे ना? मंग चाल ना तिना मांगे!"

आम्ही ठरवलं, बारावा अंक फॉर्मच्या आदल्या दिवशी वाचायचा. वाटाडी जिंकेल, आबा खूश होतील, आणि त्याच क्षणी मी विचारेन. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर शहाद्याच्या एसटीने फॉर्म घेऊन निघणार होते. दुसरी संधी नव्हती.

तो दिवस उजाडला आणि माझा घसा बसला. पंधरा दिवस दरोडेखोरांचे आवाज मीच काढत होते, आणि मी ते मनापासून काढले होते. सकाळपासून काकीने मला हळदीचं दूध पाजलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. दुपारपर्यंत जुन्या दाराच्या बिजागरीसारखा थोडा आवाज फुटला. त्यावर आम्ही सुरू केलं.

पहिल्या चार चौकटी कशाबशा निभावल्या. पाचवीत दरीवर दोराचा पूल. तांडा पलीकडे पोचला, वाटाडी मधोमध, आणि अलीकडे दरोडेखोराचा म्होरक्या दोरावर कुऱ्हाड उगारून उभा. काकी कुजबुजली, "कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला." मी म्हटलं, "कुऱ्हाडीचा पहिला..." आणि तोंडातून नुसती हवा आली.

"काय व्हयनं?" आबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. हवा. मी गळ्याकडे बोट दाखवलं. ज्या माणसाला दिसत नाही त्याला मी बोट दाखवत होते!

"पोरी, पुढे?"

मी जिवाच्या आकांताने हातवारे करत होते. आबांचा चेहरा बदलू लागला. आमच्या घरात कुणी गेल्याची बातमी आली की अशीच शांतता पसरायची, सांगणाऱ्याला शब्द सुचायचा नाही. आबांनी खाटेची कड धरली.

"मरनी का ती?" त्यांचा आवाज चिरकला. "सांग ना वं! मरनी का?"

मी वळून काकीकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. तिची नजर त्या चौकटीवर खिळली होती. बोलली तर सासऱ्यासमोर तोंड उघडलेली सून. तिच्या माहेरापर्यंत बोभाटा गेला असता, आणि फॉर्मचं नाव काढायची सोय राहिली नसती. न बोलली तर अंक मिटणार, दिवस संपणार. आबा खाटेवरून उठले, हात पुढे करून चाचपडू लागले.

"दुसरा घाव बसायच्या आत," दारामागून आवाज आला, स्वच्छ, ठाम, सहावीच्या वर्गात उभं राहून वाचावा तसा, "तिने कमरेची दोरी पलीकडच्या खांबाला फेकली."

आबा जागच्या जागी थांबले.

आबांचा हात हवेत तसाच होता. मी मोजत होते, का ते ठाऊक नाही; अठरापर्यंत आले. मग आबा मागे सरकले, खाट सापडली, बसले.

"पोरी," ते मला म्हणाले, "तिले सांग, पान उलट."

मी काय सांगणार? पण पान उलटलं गेलं. काकीने पुढचं सगळं वाचलं, एका दमात, कुठे न अडखळता. आणि चित्रंही सांगितली, जशी होती तशी. पूल तुटला, वाटाडी दोरीला लोंबकळत कड्याला लागली, वर चढली. आबांनी मध्येच विचारलं, "घोडी?"

"घोडी नही शे. पहिल्यापासूनच नव्हती. ती पायीच चालस."

आबा माझ्या दिशेने वळले. दिसत नसूनही त्यांनी मला नेमकं पाहिलं. मी भिंतीला चिकटले. पण त्यांच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. "बारा अंक पायी," ते पुटपुटले. मग मला म्हणाले, "तिले इचार, इतलं वाचानं कोठे शिकनी?"

आता निरोप्या मुका. दोघंही माझ्यासाठी थांबले, आणि माझ्यातून काही निघणार नाही हे दोघांनाही एकदमच उमगलं. काकी माझ्याकडेच पाहत बोलली, पण आवाज आबांपर्यंत जाईल एवढा ठेवून.

"यांना सांग, म्हसावदले शिकनू. माले फायनलले बसानं शे. सकायले फॉर्म जाई."

आबांनी पाठ टेकली आणि डोळ्यांवर उपरणं ओढलं. काकी रात्री जेवली नाही.

सकाळी आबांची काठी दारात वाजली. त्यांनी माझा खांदा धरला. "हेडमास्तरकडे चाल."

एसटी चौकात घुरघुरत उभी होती. हेडमास्तर खिडकीजवळ बसलेले, मांडीवर फॉर्मांचं पुडकं. आबा खिडकीखाली उभे राहिले. "मन्ही धाकली सून फायनलले बठनार शे. लिखी ल्या."

हेडमास्तरांनी लगबगीने कोरा फॉर्म काढला, पेन उघडलं. "नाव?"

आबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. पाच वर्षं घरात सगळे तिला 'म्हसावदवाली' म्हणत होते. आमच्यात सून माहेरच्या गावानेच ओळखली जाते. नाव लग्नाच्या मांडवातच राहतं. आबांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा खांदा हलवला. मलाही ठाऊक नव्हतं; ती माझी काकी होती, काकीला नाव कशाला? आणि असतं ठाऊक, तरी माझा घसा अजून बंदच होता.

"आबा, गाडी सुटते," हेडमास्तर म्हणाले. "नावाशिवाय फॉर्म घेत नाहीत."

कंडक्टरने घंटी वाजवली. मी घराकडे पळाले. इतकी मी त्यानंतर कधीच पळाले नाही. काकी गोठ्यात होती. मी तिचा हात धरून ओढलं, दुसऱ्या हाताने हवेत लिहून दाखवलं. तिला काय समजलं देव जाणे, पण ती शेणाच्या हातांनीच धावली, पदर एका हाताने चेहऱ्यावर धरून, भर चौकातून. पारावरची माणसं उठून उभी राहिली.

गाडी सुटलेली नव्हती, कारण आबा तिच्या तोंडासमोर उभे होते. काठी रोवून, बंद डोळ्यांनी, बॉनेटपासून हातभरावर.

"ओ म्हातारबा, बाजूला व्हा!" ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडत होता. "तुम्हाला दिसत नाही का?"

"नही दिखस," आबा म्हणाले. "म्हनीसन त उभा शे."

हेडमास्तरांनी फॉर्म आणि पेन खिडकीतून खाली दिलं. काकीने हात लुगड्याला पुसले, फॉर्म एसटीच्या पत्र्यावर टेकवला. इंजिनाने पत्रा थरथरत होता, त्यामुळे तिचं अक्षरही थरथरत उमटलं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

आबांनी काठी हलवली नाही. "जरा थांब, भाऊ," ते म्हणाले. "मन्ही सून नाव लिखी ऱ्हायनी."