नाल्याची सुट्टी

पाटणकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत बाटल्या विसळत होते. त्याला आता पाच आठवडे झाले... पहिल्यांदा रडू आलंच नाही. सरांना एक गोष्ट सांगायची राहिली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आमची कंपनी डोंबिवलीतली, रसायनांची. सर तिथले पर्यावरण अधिकारी, मी तेव्हा नवी केमिस्ट; नोकरीत कायम व्हायला दोन महिने उरलेले. नव्या प्लान्टच्या परवानगीसाठी पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल द्यायचा होता. कारखान्यांचं सांडपाणी जातं त्या मानपाड्याकडच्या नाल्याच्या पाण्याचे नमुने मीच आणले होते. त्यांच्या जोरावर अहवालात पाण्यावरचा परिणाम 'नगण्य' ठरला. मॅनेजरसाहेब सरांच्या टेबलाशी पेन उघडून उभे होते. सरांनी पानं उलटली, एका तारखेवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"मीनल, सॅम्पल शुक्रवारी घेतलंस?"

मी मान हलवली.

"अगं, शुक्रवारी इथे साप्ताहिक सुट्टी, कारखाने बंद. त्या दिवशी नालासुद्धा सुट्टीवर असतो."

शुक्रवारीच जा, असं मला मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं. का, तेही मला पक्कं कळलं होतं. तरी मी तोंडाला कुलूप लावून उभी राहिले. त्याची आजही लाज वाटते.

"सर, वार कोण बघतंय? सही करून टाका ना, उद्या सबमिट करायचाय," साहेब म्हणाले.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेनाला टोपण लावून ते परत दिलं. "चूक माझी. वार मी सांगायला हवा होता हिला. मंगळवारी पुन्हा घेऊ."

मंगळवारच्या पाण्याने 'नगण्य' खोडायला लावलं. आधी सांडपाण्याची मोठी टाकी, मग प्लान्ट, असं ठरलं. सरांची बढती हुकली, मी मात्र कायम झाले. त्या शुक्रवारबद्दल त्यांनी मला कधीही छेडलं नाही, आणि मला सगळं माहीत होतं हे मीही त्यांना कधी सांगितलं नाही. फक्त तेव्हापासून प्रत्येक बाटलीच्या लेबलवर तारखेच्या आधी वार लिहायला लावला. "तारीख कुणी बघत नाही गं, वार डोळ्यात खुपतो," म्हणायचे.

त्यांच्या तिरक्या अक्षरातली 'मंगळवार'ची एक रिकामी बाटली अजून फळीवर आहे. आता दुसरा प्लान्ट यायचाय. काल साहेबांनी मला नाल्यावर पाठवलं. मी गेले, बाटली भरली, आणि तिथेच उभ्या उभ्या लेबलवर ठळक लिहिलं: शुक्रवार, कारखाने बंद.