बिबट्याचं धिरडं

अवसरीच्या अंगणवाडीत मी शिकवते आणि मदतनीस मावशी मुलांचा नाश्ता करतात. त्यांची धिरडी रंगीत असतात. पालकाचा पोपट, बिटाचा कोंबडा, कधी गाजराचा मासा. पळीनं पीठ सोडताना त्या तव्याशीच बोलतात, "दम धर रं, चोच ऱ्हायली अजून." पुडीतला रंग आणू का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "नगं बाई, पोरांच्या जिबंला फसवायचं न्हाई."

गेल्या महिन्यात एका चिमुरडीच्या डोळ्यांदेखत बिबट्यानं अंगणातलं कुत्रं नेलं. तेव्हापासून ती आईला सोडेना. आई तिला अंगणवाडीत घेऊन बसायची, पण पोरगी घास काही घेईना.

एका सकाळी मावशींनी हळद घातलेलं पिवळंधमक धिरडं टाकलं, त्याला दोन कान काढले आणि वर नाचणीच्या पिठाचे ठिपके दिले. ती ताटली पोरीपुढं गेलेली पाहून मी लगबगीनं तिकडं गेले.

"मावशी, बिबट्या कशाला? आधीच भ्यालीय ती."

"म्हणून तर!" म्हणत त्यांनी पोरीशेजारी फतकल मारली. "ह्यो बग, आता आपल्या ताटात गावलाय. आदी काय खायाचं ह्याचं?"

पोरीनं आधी एका ठिपक्यावर बोट टेकवून पाहिलं. मग तिनं एक कान तोडून तोंडात टाकला. पाठोपाठ दुसराही.

"आता त्याला आपलं काय ऐकू यायचं नाय," ती चावता चावता म्हणाली, आणि आईकडं वळली. "तू जा घरी."