कुंकू लागलेली फ्लॉपी

हल्ली मी नांदेडच्या घरी बसून काय हवं ते चार ओळींत सांगते आणि कॉम्प्युटर स्वतःच प्रोग्रॅम लिहून देतो. चालतोही बिचारा. पण त्यातली एकही ओळ माझ्या लक्षात राहत नाही आणि याचा मला मनापासून राग येतो.

मी शिकले तेव्हा अख्ख्या क्लासला मिळून एकच कॉम्प्युटर होता. चपला बाहेर काढून आत जायचं. पाळी येईपर्यंत प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, मनातल्या मनात चालवून बघायचा, खोडायचा, परत लिहायचा. भाकरी थापतानाही तो माझ्या डोक्यात चालू असायचा.

उदगीरच्या एका आडत दुकानात नवा कॉम्प्युटर आला होता. धान्याच्या पोत्यांचा हिशेब ठेवणारा माझा प्रोग्रॅम तिथल्या शेठना पटला तर नोकरी. नाहीतर कंधारला परतून लग्नाला उभं राहायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. दसऱ्याला घरी आले ती त्या प्रोग्रॅमची फ्लॉपी घेऊनच. खंडेनवमीला आईनं विळा, कुऱ्हाड, वडिलांचे नटबोल्ट आवळायचे पाने मांडले आणि शेजारी माझी फ्लॉपी. वरच्या उघड्या फटीतून आतली चकती दिसायची, नेमकं तिथंच तिनं बोट टेकवून हळदकुंकू लावलं. मी अंघोळ करून येईपर्यंत पूजा उरकली होती. ओढणीनं पुसलं आणि देवावर हवाला ठेवला.

उदगीरला फ्लॉपी नुसती घरघरली. पडद्यावर काही येईना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रोव नको बेटी," म्हातारे शेठ म्हणाले. "दुसरी न्हाई का?"

"डोक्यात हाय," मी म्हणाले आणि टाइप करायला बसले. हमाल येऊन बघून जात होते. दिवस कलला तेव्हा पोत्यांची बेरीज पडद्यावर उमटली, आणि बरोबर उमटली. त्या आनंदाची सर पुढं कशालाच आली नाही. शेठ म्हणाले, "सोमवारपासून ये."

नोकरी मिळाली तरी आईवरचा राग गेला नव्हता. घरात पाऊल टाकताच सुनावलं, "तुझ्या कुंकवानं समदं पुसलं गेलं!"

"आगं माय! मंग काय केलीस?"

"तोंडपाठ होतं. बसून लिहिलं."

"मंग चुकलंच माजं," ती म्हणाली. "तुज्या डोस्क्याला लावाय पायजे होतं."