कोऱ्या कोटेशनवरची माझी सही

तिसगावात आमचं गोधड्या शिवायचं दुकान होतं. पाटीवर नाव माझं, हात बायकोचे. मी चौथी शिकलेला. कोटेशन दिलं म्हणजे ऑर्डर मिळालीच, एवढीच माझी अक्कल.

एका वसतिगृहाचा स्टोअरकीपर माझा मित्र. चर्चमध्ये आम्ही एकाच बाकावर बसायचो. एकदा तो दुकानात आला. "दादा, पोरांना गोधड्या घ्यायच्यात. तुमच्या लेटरपॅडवर सही-शिक्का मारून कोरं कोटेशन द्या. दर मी भरतो. आन् नमुना म्हनून एक गोधडी द्या."

बायको आतून म्हणाली, "अवो, माल आपला न् दर दुसऱ्यानं भरायचा व्हय?"

"तुला लई कळतंय!" मी म्हणालो, आणि शिक्का मारला. तिनं आपली सगळ्यात चांगली गोधडी घडी करून दिली.

ऑर्डर आली नाही. रविवारी मित्राला गाठलं, तर खाली बघत म्हणाला, "नमुना नापास झाला, दादा. टाके वाकडे निघाले."

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं. चाळीस वर्षं सुई धरलेली बाई ती. "कुठं वाकडे हुते? काठाला का मधी?" एवढंच विचारत राहिली. मग सुई ठेवली ती ठेवलीच. पुढं आजारी पडली. दवाखान्यात शेवटी शेवटी चादरीच्या काठावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "असे पायजे हुते का वो?"

ती गेल्यावर उरलेल्या गोधड्या पोरांना फुकट द्याव्या म्हणून वसतिगृहात गेलो. तिथं स्टोअरला आता नवीन बाई आहेत. दुकानाचं नाव ऐकून त्यांनी जुनी फाईल काढली.

"आजोबा, तुमचं तर सपोर्ट कोटेशन होतं."

म्हणजे काय, ते त्यांनीच समजावलं. खरेदीला तीन कोटेशनं लागतात. ज्याचा दर कमी, त्याला ऑर्डर. म्हणून आपल्या माणसाला ऑर्डर द्यायची तर दोन जादा दराचे कागद नुसते जोडायला लागतात. तुलनेच्या तक्त्यात सगळ्यात जादा दर माझा होता. मी तो कधी बोललोच नव्हतो. खाली सही मात्र माझी. सगळ्यात कमी दर मित्राच्या मेहुण्याचा.

"आन् नमुना? टाके?"

बाईंनी कागद उलटून पाहिले. "नमुना मागवल्याची नोंदच कुठं नाही."

तिथून तडक मित्राच्या घरी गेलो. ओसरीत बाजेवर बसला होता. त्याच्या खाली आमचीच गोधडी.

"दादा, सगळीकडं असंच चालतं," तो म्हणाला. "वहिनीची गोधडी मऊ लागली, म्हनून ठिवली."

"ऊठ," मी म्हणालो.

तो उठला. गोधडी ओढून काखेत मारली आणि घरी आलो. चष्मा लावून चारी काठ बघितले. मधलं बघितलं. एक टाका वाकडा नाही.

त्यानं फसवलं. पण तिला ती खोटी गोष्ट मी सांगितली. एकदा तरी गोधडी परत मागायला पाहिजे होती.