डाव्या पायडलाचे आटे

पूनम सागर कॉम्प्लेक्सजवळच्या त्या सायकलवाल्याची मला किळस यायची, हे आधीच सांगून टाकतो. पंक्चर शोधायच्या घमेल्यातलं पाणी काळं, त्यात पालापाचोळा, आणि घमेल्यापासून हातभर अंतरावर त्याच्या तंबाखूच्या पिचकाऱ्या. मुलीसाठी सायकल बघायला गेलो, तर ज्या फडक्याने त्याने तोंड पुसलं त्याच फडक्याने सीट पुसून दाखवली. म्हातारा इथल्याच जुन्या गावातला. “चांगली हाय साहेब, बसवा पोरीला.” मी “बघू” म्हटलं आणि मुलीला हाताला धरून बाहेर काढलं.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. ऑफिसात हळूहळू लोक इंटरनेटवरून वस्तू मागवायला लागले होते. मीही सायकल मागवली. पडद्यावर ती अगदी पांढऱ्या जागेत उभी होती, कोणाचा हात न लागलेली. मुलगी शाळा सुरू झाली की मैत्रिणींबरोबर सायकलने जाणार होती, आणि “बाबा आणतायत” म्हणून तिने सगळीकडे सांगून ठेवलं होतं. मीही सोसायटीत कमी फुशारकी मारली नाही.

शाळेच्या आदल्या दिवशी खोका आला, तोही एका बाजूने चेपलेला. आत सायकल नव्हतीच, सायकलचे तुकडे होते. सोबत एक पाना आणि मुंगीएवढ्या अक्षरांतला कागद. तो वाचायचा मला कंटाळा आला. मी वॉचमनसमोर, शेजाऱ्यांसमोर ऐटीत बसलो आणि जोडायला लागलो. डावं पायडल काही केल्या आत जाईना. काहीही आवळायचं तर उजवीकडे फिरवायचं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. मी ते तिरकं धरून, पान्यावर हातोडी मारून घुसवलं. धातूचा कीस खाली पडला, त्यावर मी पाय ठेवला.

मुलगी गेटपर्यंत गेली आणि पायडल निखळलं. ती पडली, गुडघा सोलवटला. रडली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली.

शेवटी गेलो त्या घाणेरड्या दुकानातच. म्हाताऱ्याने पायडल उलटसुलट करून बघितलं. “डाव्या पायडलाला उलटे आटे असतात साहेब. आवळायचा तर डावीकडं फिरवायचा. पायडल बसतो त्या दांड्याचे आटे पार गेले. कोनी बसवला ह्यो?”

मी खिशातून मोबाइल काढला, म्हटलं, कंपनीकडून नवीन दांडाच मागवू. फोनवरच्या बाईने इंग्रजीत विचारलं, सायकल जोडली कोणी? म्हातारा समोर उकिडवा बसलेला, मुलगी शेजारी उभी. आणि मी खणखणीत इंग्रजीत सांगितलं, “लोकल मेकॅनिक. ही स्पॉइल्ड इट.” म्हाताऱ्याला कुठलं इंग्रजी कळतंय!

बाई गोड आवाजात म्हणाली, बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला असेल तर वॉरंटी बाद, सर. म्हणजे खोटंही बोललो आणि पदरात काही पडलं नाही.

 म्हाताऱ्याने डब्यातून एक जुना दांडा शोधून काढला, बसवला, पायडल डावीकडे फिरवत आवळलं. मग उठून रॉकेलने हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, आणि मगच सीटला हात लावून ती मुलीच्या उंचीला केली. एवढा वेळ मी ते घमेलंच बघत होतो. त्या पाण्यापेक्षा जास्त घाण मला माझीच वाटत होती.

माझ्याकडे न बघता तो मुलीला म्हणाला, “बाय, डावा पायडल डावीकडं आवळायचा, ध्यानात ठेव. बापाला पन सांग. लोकल मेकॅनिकनं सांगितलंय म्हनावं.”

मी कसनुसं हसलो. मुलगी हसली नाही. सायकल आता ठणठणीत होती, पण ती तिच्यावर बसली नाही. घरापर्यंत हाताने ढकलत, माझ्या पुढे पुढे चालत राहिली.